ट्रॅक्टरचा सेल्फ जड का फिरतो?



ऊस विकास अधिकाऱ्याने या पानावर बेणे, लागण, खोडव्यातले पाचट आणि हुमणी यांवर लिहावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. या खेपेस मात्र मी ट्रॅक्टरच्या सेल्फवर लिहीत आहे. मी मेकॅनिक नव्हे. शेतकी डिप्लोमाला यंत्रे व अवजारे हा एक विषय होता, त्यात पास होण्यापुरते मार्क मिळाले, एवढीच माझी पुंजी. पण मागच्या हंगामात हिंजवडी गटात एक प्रकार डोळ्यांसमोर घडला आणि त्यानंतर हा विषय मला उसाच्या बाहेरचा वाटेनासा झाला.

जानेवारीतली पहाट. नेऱ्याच्या बाजूला एका सभासदाचा फड चालू होता. पाथर्डीकडची टोळी, ओढ्याकाठी त्यांच्या कोप्या. सभासदाचा ट्रॅक्टर जुना, वीस वर्षांच्या वरचा. सेल्फ जड फिरतो म्हणून रोज रात्री तो चढावर उभा करायचा, मागच्या चाकाला दगड लावायचा आणि सकाळी उतारावर सोडून दुसऱ्या गिअरमध्ये चालू करायचा, असा रिवाज. त्या दिवशी ड्रायव्हरने आधी दगड काढला आणि मग वर चढायला गेला. ब्रेकचा खटका झिजलेला होता. ट्रॅक्टर रिकाम्या ट्रॉलीसकट खाली निघाला. ड्रायव्हर पळत पळत मडगार्डला लोंबकळला, पण वर जाता आले नाही. बांधाला पुढचे चाक अडकले म्हणून गाडी थांबली. बांधापासून पहिली कोपी दहा-बारा पावलांवर. चूल पेटलेली होती, आई भाकरी थापत होती आणि आत दोन पोरे झोपलेली होती.

कोणाला खरचटलेही नाही. टोळीच्या मुकादमाने त्या दिवशी कोयता लावला नाही, आणि मला त्याला बोलण्याचे धाडस झाले नाही. तोडून पडलेला ऊस दुसऱ्या दिवशी दुपारी भरला गेला. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, हे मी आपणांस दरवर्षी सांगतो. उन्हात पडला की वजन उतरते आणि साखरही मोडते. वजनाचा तोटा सभासदाचा, उताऱ्याचा तोटा सगळ्यांचा.

या सभासदाने हयगय केली होती असेही नाही. डिसेंबरात साडेसात हजारांची नवी बॅटरी घेतली होती. ती टाकल्यावर आठ दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच रडगाणे. मग सेल्फ उतरवून दुकानात दिला. कार्बन, बुश बदलून, वार्निश मारून अडीच हजारांचे बिल आले. पुन्हा तेच. तेव्हा "गाडीच म्हातारी झाली" असे म्हणून त्यांनी चढ शोधला. दहा हजार रुपये गेले आणि दोष होता तिथेच राहिला. तो दोष काय होता ते पुढे सांगतो. आधी सेल्फ जड फिरणे म्हणजे काय ते पाहू.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की तिची जागा सोळाव्या-सतराव्या हिश्श्यावर येते. दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेट घेते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दोन-चार झटके मारले की नळी गरम लागते, तोच प्रकार. पण झटका हळू मारला तर नळी गरम होत नाही. इंजिन सावकाश फिरले तर दाबलेली हवा रिंगांमधून निसटते आणि थंड सिलिंडर तिची ऊब शोषून घेतो. म्हणून डिझेल, पंप, नोझल सगळे ठीक असले तरी पुरेसा वेग नसेल तर इंजिन पकडत नाही. नुसता धूर टाकते. पुष्कळदा आपण नोझलला दोष देतो आणि दुखणे सेल्फच्या वेगात असते. थंडीत हे सगळे एकदम अंगावर येते. इंजिनातले ऑइल घट्ट होते, सिलिंडर गार असतो आणि बॅटरीतली रासायनिक क्रियाही मंदावते. बॅटरी खरी मरते ती उन्हाळ्यात. उष्णतेने प्लेटा खराब होतात, पण त्या दिवसांत इंजिन हलके फिरते म्हणून ते लपते. मार्गशीर्ष-पौषात ते उघडे पडते आणि आपण म्हणतो, थंडीने बॅटरी गेली.

आता विजेचे. आपणांपैकी प्रत्येकाने विहिरीवरची मोटर कमी दाबाने घुंमत बसलेली पाहिली आहे. सेल्फ हीसुद्धा मोटरच. फरक एवढाच की विहिरीवरच्या मोटरला चारशे व्होल्ट आणि थोडे अँपिअर लागतात. सेल्फला व्होल्ट फक्त बारा, पण अँपिअर दोनशे, तीनशे, गार इंजिनाला त्याहून अधिक. एवढा प्रवाह ज्या सांध्यातून जातो तो सांधा जराही मैला असला तर तिथे व्होल्ट खर्ची पडतात. पाइपलाइनचे उदाहरण घ्या. विहिरीत पाणी भरपूर आहे, मोटर चांगली आहे, पण मध्ये एका जोडावर पाइप निम्मा चोंदला आहे, तर शेवटी पाणी चुळकाभरच येणार. तिथे कोणी विहीर खोदायला घेत नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र आपण पहिली विहीरच बदलतो, म्हणजे बॅटरी.

हिशेब करून पाहा. एखाद्या जोडात एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा असला आणि त्यातून दोनशे अँपिअर गेले, तर दोन व्होल्ट तिथेच संपतात. बारातले दोन. साध्या दिव्याला याच जोडातून चार-पाच अँपिअर जातात, तेव्हा काहीच जाणवत नाही. दिवा लख्ख लागतो, हॉर्न वाजतो, आणि आपण म्हणतो वायरिंग ठीक आहे.

आवाज ओळखा

दोष शोधायला सुरुवात कानाने करावी. चावी फिरवल्यावर एकदाच "टक्" होऊन सगळे गप्प झाले, तर सोलेनॉइड ओढला गेला पण पुढे प्रवाह गेला नाही; सोलेनॉइडमधले तांब्याचे टोक जळालेले असते, कार्बन संपलेला असतो किंवा इंजिनच अडकलेले असते. "टकटकटकटक" असा टाइपरायटरसारखा आवाज आला, तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. सेल्फ मोकळाच "भर्रर्र" फिरला आणि इंजिन हलले नाही, तर दात धरत नाहीत. तो वेगळा आजार, त्यात विजेचा दोष नाही. आणि "घर्र... घर्र... घर्र" असा प्रत्येक दाबाला दम खात फिरला, तर तो आपला आजचा विषय.

दिव्याची परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. हेडलाइट लावून सेल्फ मारायचा. दिवे तसेच राहिले आणि सेल्फ जड फिरला, तर प्रवाह सेल्फपर्यंत पोचत नाही, म्हणजे प्लसची वायर, सोलेनॉइड किंवा सेल्फचे कार्बन तपासायचे. दिवे विझत आले, तर बॅटरी गेली. पहिला भाग खरा आहे. दुसरा अर्धाच खरा, आणि याच अर्ध्या सत्याने आपल्या सभासदाचे दहा हजार नेले. दिवे मंद होण्याला चार कारणे असतात: बॅटरी उतरलेली, बॅटरीच्या टर्मिनलवरचा जोड मैला, सेल्फ आतून घासत असल्याने बेसुमार करंट ओढणारा, किंवा अर्थिंग खराब. हेडलाइटचा परतीचा रस्ताही ट्रॅक्टरच्या अंगातूनच बॅटरीच्या मायनसला जातो. तिथला जोड खराब असेल तर सेल्फ मारताच दिवेही मंद होणार, बॅटरी कितीही नवी असो.

कोपीच्या प्रकारानंतर दुसऱ्या दिवशी मी माण रस्त्यावरच्या एका वयस्क वायरमनला फडावर घेऊन गेलो. हिंजवडीत आयटीच्या इमारती उभ्या राहण्याआधीपासून तो ट्रॅक्टर आणि जुन्या जीपगाड्यांची वायरिंग करतो. त्याने बॅटरीला हात लावला नाही, सेल्फ उतरवला नाही. खिशातून मीटर काढला, एक काडी बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर टेकवली, दुसरी इंजिनच्या एका उघड्या बोल्टावर धरली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "मार सेल्फ." मीटरवर २.६ आले. "अडीच व्होल्ट इथंच खातोय की," एवढेच तो बोलला.

अर्थिंगची पट्टी गिअरबॉक्सच्या घडीव भागावर एका बोल्टाने बसवलेली होती. बोल्ट घट्ट होता. पट्टी नवी दिसत होती. त्याने पान्हा लावून बोल्ट काढला, तेव्हा पट्टीच्या खाली चकचकीत निळा रंग निघाला. दसऱ्याच्या आधी सभासदाने ट्रॅक्टर धुऊन रंगवून घेतला होता, खंडेनवमीच्या पूजेसाठी. पेंटरने पट्टी सोडून खाली-वर झकास हात मारला, वाळल्यावर पट्टी परत आवळली. रंग हा विजेला अडवणारा पदार्थ. बोल्टाच्या आट्यांतून जेवढा मिळेल तेवढा रस्ता प्रवाहाला उरला होता. दिवाळीपर्यंत हवा उबदार होती, इंजिन हलके फिरत होते, म्हणून ते निभावले. थंडी पडली आणि चढावर उभे करणे सुरू झाले.

त्याने कानशीने रंग खरवडून लोखंड पांढरे केले, पट्टीचे टोक पॉलिश पेपरने घासले, दातांचा वॉशर टाकून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावले. वीस मिनिटे लागली. पुन्हा मीटर लावला तर २.६ च्या जागी ०.१. सेल्फ मारताच इंजिनाने दुसऱ्याच फेऱ्यात पकडले.

यात एक गंमत मी वहीत टिपून ठेवली. दुरुस्तीच्या आधी सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंटांवर ११.० व्होल्ट दिसत होते, दुरुस्तीनंतर १०.४. म्हणजे बॅटरीवरचा आकडा कमी झाला आणि सेल्फ मात्र जोरात फिरू लागला. मी गोंधळलो. वायरमन म्हणाला, नळ पुरता सोडल्यावर टाकीचा जोर थोडा उतरणारच. आधी ११.० मधून अर्थिंगने २.६ आणि प्लसच्या बाजूने ०.४ खाल्ले, सेल्फला उरले ८.०. आता १०.४ मधून जाऊन सेल्फला ९.९ मिळतात. तेव्हा नुसत्या बॅटरीवर मीटर लावून निकाल देऊ नये. २.६ व्होल्ट आणि दोनशे अँपिअर म्हणजे पाचशे वॅटच्या वर उष्णता, एखाद्या लहान शेगडीएवढी, त्या एका बोल्टावर जळत होती. मीटर नसेल तर याच गोष्टीचा उपयोग करता येतो. दहा सेकंद सेल्फ मारून चावी बंद करावी आणि लगेच प्रत्येक जोडाला जपून बोट लावून पाहावे. जो जोड गरम, तो चोर.

मीटरने कसे पाहावे

मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. तो डी.सी. व्होल्टच्या वीसच्या खुणेवर ठेवावा. ट्रॅक्टर न्यूट्रलला, ब्रेक लावलेला, चाकांना पुढे-मागे दगड. इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेल बंद करण्याचा नॉब ओढून ठेवावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. सेल्फ थोडा वेळ काम करण्यासाठीच बनवलेला असतो. अर्धा मिनिट सलग रगडला की आतली सोल्डर वितळते, आणि मग नसलेला दोषही तयार होतो.

पहिले माप रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे, सकाळी काहीही चालू न करता. १२.६ किंवा वर आले तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या खाली रिकामी. रिकाम्या बॅटरीवर पुढची कोणतीही परीक्षा घेण्यात अर्थ नाही, आधी ती चार्जिंगला लावावी. ऐंशी अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर आठ अँपिअरने दहा-बारा तास. घाईने जास्त करंट देऊन दोन तासांत "फुल्ल" करून देणारे दुकानदार आपलीच बॅटरी शिजवून देतात.

दुसरे माप सेल्फ मारताना. काड्या क्लॅम्पवर न टेकवता थेट शिशाच्या खुंटांवर टेकवाव्यात. साडेनऊच्या खाली आकडा गेला तर बॅटरी कमजोर आहे, नाहीतर सेल्फ किंवा इंजिन बेसुमार करंट मागते आहे.

तिसरे माप मायनसच्या खुंटापासून इंजिनच्या उघड्या लोखंडापर्यंत, सेल्फ मारताना. ०.२ ते ०.३ पर्यंत चालेल. चौथे प्लसच्या खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत, तेही सेल्फ मारतानाच. अर्ध्या व्होल्टच्या आत असावे. जास्त आले तर एक-एक जोड ओलांडत पुढे जावे: खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते वायर, वायर ते सोलेनॉइड, सोलेनॉइडचा एक बोल्ट ते दुसरा. जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष. आपण गळती शोधताना पाइपलाइनच्या कडेने चालत जातो, तसेच.

वायरीविषयी एक सांगितले पाहिजे. जुनी वायर सडली की आपण बाजारातून दिसायला जाड अशी आणतो. वरचे प्लॅस्टिक जाड आणि आत तांबे थोडे, किंवा तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम, असाही माल येतो. दोन इंची पाइपवर साडेसातची मोटर लावण्यासारखे ते आहे. टोक कापून आतल्या तारा पाहून, शक्य तर वजनावर वायर घ्यावी. टोकाचे लग हातोडीने ठोकून बसवू नयेत, दाबयंत्रावर दाबून घ्यावेत.

बॅटरीची निगा

ज्या बॅटरीला पाणी घालायची बुचे आहेत तिला हायड्रोमीटर लावता येतो आणि तो मीटरपेक्षाही खरे बोलतो. भरलेल्या बॅटरीत आपल्याकडच्या हवेत साधारण १.२५० च्या आसपास येते, त्याला दुकानात "बाराशे पन्नास" म्हणतात. साठ-सत्तर पॉइंट खाली म्हणजे निम्मी. सहाही कप्पे पाहावेत. पाच कप्पे बाराशे चाळीस आणि एकच अकराशे ऐंशी दाखवत असेल, तर तो कप्पा गेला, आणि ती बॅटरी चार्ज करत बसण्यात पैसे घालवू नयेत. पाणी घातल्या घातल्या हायड्रोमीटर लावू नये, खोटे बोलतो. पाणी डिस्टिल्डच घालावे. विहिरीचे किंवा बोअरचे तर नाहीच, आणि "जोर येईल" म्हणून अॅसिडही ओतू नये. बॅटरीतून उडते ते पाणी, अॅसिड आतच असते.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. बुचे बंद ठेवून, सोडा आत जाऊ न देता. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. उलट केले आणि प्लसवरचा पान्हा ट्रॅक्टरच्या अंगाला लागला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीवर हायड्रोजन वायू असतो. बिडी-काडी तर तिथे नकोच. फार जुन्या विलायती बनावटीच्या काही ट्रॅक्टरना प्लस अर्थिंग असे. तेव्हा कोणती पट्टी अंगाला जोडली आहे ते आधी डोळ्यांनी पाहावे, तिथे क्रम उलटा. ग्रीस जोड आवळल्यावर वरून लावावे, आधी लावून मग आवळू नये.

बॅटरी नवी असूनही रोज उतरत असेल तर ती भरली जाते का ते पाहावे. इंजिन मध्यम रेसवर चालू असताना बॅटरीवर पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. साडेबारावरच अडकले तर पट्टा सैल आहे किंवा अल्टरनेटर काम करीत नाही. जुन्या गाड्यांना डायनमो असतो, तो मंद रेसवर बॅटरी भरतच नाही. कासारसाईला आपल्या कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत कित्येक ट्रॅक्टर तासन्‌तास मंद रेसवर उभे असतात. विचारले तर सांगतात, "बंद केला तर चालू व्हायचा नाही." म्हणजे तासाला लिटरभर डिझेल जाते, आणि डायनमोची गाडी असेल तर दिवे लावून बॅटरीही उतरते. त्यात टेप आणि ते मोठे बॉक्स. गाण्याला माझा विरोध नाही. रात्रीच्या फेरीला ड्रायव्हर जागा राहतो, हे मला कळते. पण त्या मशीनची वायर बॅटरीवरून परस्पर घेतलेली असते आणि चावी बंद केली तरी ते थोडे थोडे पीत राहते. मध्ये एक बटण टाकून घ्यावे.

सेल्फ आणि इंजिन

बॅटरी भरलेली, दोन्ही बाजूंचे जोड स्वच्छ, सेल्फपर्यंत साडेनऊच्या वर व्होल्ट पोचतात आणि तरीही फिरणे जडच, तर आता सेल्फ उतरवायला हरकत नाही. कार्बन आखूड झाले असतील, कॉपर काळे पडले असेल, किंवा बुश झिजून आर्मेचर आतून घासत असेल. घासणाऱ्या सेल्फला जळका वास येतो, आणि इंजिन तापल्यावर तो जास्तच जड होतो. सकाळी बरा आणि दुपारी जड, असे गाऱ्हाणे असेल तर बुश पाहा. एच.एम.टी.चे ट्रॅक्टर अजून आपल्या भागात आहेत. तो कारभार सरकारने बंद करायचे ठरवले ते २०१६ साली, त्यामुळे अस्सल सुटे भाग मिळायला वेळ लागतो. म्हणून उतरवलेल्या सेल्फमधले चांगले भाग दुकानात सोडून येऊ नये, मागून घ्यावेत.

इंजिनच जड असण्याची कारणे थोडी आहेत. कंपनीने सांगितले त्याहून घट्ट ऑइल "गाडी जुनी आहे" म्हणून घातले जाते, ते थंडीत काकवीसारखे होते. क्लच दाबून सेल्फ मारला तर गिअरबॉक्समधले गार ऑइल घुसळण्याचा भार वाचतो. नुकतेच रिबोअर केलेले इंजिन काही दिवस जड असतेच. पण एका प्रकाराला जपावे. रेडिएटरचे पाणी कमी होत असेल आणि सकाळी सेल्फ एकदम खाडकन अडत असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये उतरलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही. तिथे जोर लावला किंवा उतारावर सोडून गिअर टाकला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. लगेच थांबून नोझल काढून पाहावे.

दोन गोष्टी कृपया करू नयेत

एक म्हणजे खाली उभे राहून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे दोन बोल्ट जोडणे. माझ्या गटात हे करत नाही असा ड्रायव्हर मला क्वचितच भेटतो. नव्या ट्रॅक्टरना क्लच दाबल्याशिवाय किंवा न्यूट्रल असल्याशिवाय सेल्फ लागू नये अशी सोय असते. स्क्रू ड्रायव्हर ती सोय ओलांडून जातो. गाडी गिअरमध्ये राहिली असली तर इंजिन चालू होताच निघते, आणि माणूस उभा असतो पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये. सीटवर कोणी नसते. हे असे मृत्यू ट्रॅक्टर चालतात त्या सगळ्या देशांत झालेले आहेत.

दुसरी गोष्ट चढाची. चढावर लावलेली गाडी ही रात्रभर एका दगडावर उभी असते. आपल्या मुळशीत सपाट जागा थोडी आणि कोप्या नेहमी खालच्या अंगाला, पाण्याजवळ. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायची वेळ आली तर जाड तांब्याच्या वायरी वापरा, पंपाची वायर नको. प्लसला प्लस जोडा, आणि मायनसचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावा. वेळ पाच मिनिटे जास्त जातो.

हिंजवडीत आता उसाचे क्षेत्र पूर्वीसारखे राहिलेले नाही. माण, मारुंजी, नेरे, जांबे इकडे जे टिकून आहे त्याची वाहतूक कंपन्यांच्या बसगाड्यांच्या गर्दीतून करावी लागते. शिवाजी चौकात भरल्या ट्रॉलीसह इंजिन बंद पडले आणि सेल्फने "घर्र" केले, म्हणजे मागून जे हॉर्न सुरू होतात ते मी पुढच्या सीटवर बसून ऐकलेले आहेत. तिथे ना चढ असतो ना धक्का मारायला माणसे.

वाहतुकीचे करार करताना आपण टायर, ब्रेक, ट्रॉलीची पिन आणि मागचे रिफ्लेक्टर पाहतो. यंदा गळीत सुरू होण्यापूर्वी आमच्या गटात प्रत्येक ट्रॅक्टरची ही चार मापे घेऊन वहीत लिहायचे मी ठरवले आहे. मीटर गट कार्यालयात माझ्या टेबलाच्या खणात आहे. सभासदांनी सही करून न्यावा आणि दुसऱ्या दिवशी परत आणावा. बॅटरी संपली असेल तर नवी टाकून.

नेऱ्याचा तो ट्रॅक्टर हंगाम संपेपर्यंत घरापुढच्या सपाट अंगणात उभा राहिला. जुनी बॅटरी सभासदाने तीन महिन्यांपूर्वी मोडीत दिली होती, ती चांगली होती की नाही हे आता कळायला मार्ग नाही. परवा मी गेलो तेव्हा दसऱ्याच्या रंगाचे बोलणे चालले होते. अर्थिंगच्या बोल्टावर पेंटरने हात मारू नये म्हणून त्यांनी आतापासूनच त्यावर चिकटपट्टी गुंडाळून ठेवली आहे.